दावणीचं घर

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

जिच्या बाबतीत हे घडलं ती मेरियल ब्रिस्टलला आमच्या शेजारी राहते. तिच्या आणि आमच्या परसात एकच कुंपण आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली उचलण्यात तिचं आयुष्य गेलं. भुताखेतांच्या गोष्टींना ती तोंडावर हसायची. तिने मला हे एका बैठकीत सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. आणि प्रत्येक वेळी सांगताना तिचं लक्ष नवऱ्याकडे होतं.

तो तिथेच खुर्चीत बसलेला असतो.

बोलत नाही.

हे सुरू झालं २०१८ च्या ऑक्टोबरअखेर. हेरफर्डशरच्या डोंगरांत, वेल्सच्या सरहद्दीला खेटून. ज्या दिवशी त्यांच्या फाटकाशी 'घर विकणे आहे' अशी पाटी ठोकली, त्या दिवशीच्या संध्याकाळी.

त्याआधी काही वर्षं ती दोघं तिथे सुखाने राहिली होती. एका रात्रीची झोपसुद्धा मोडली नव्हती.

ते घर मुळात गोठा होता. दगडी, लांबलचक, वर गवताचा माळा. कोणा हौशी आर्किटेक्टने त्याचं घर केलं. गवताच्या गाड्या आत यायच्या तो रुंद दरवाजा काढून तिथे जमिनीपासून वरपर्यंत काच लावली. माळ्यावर झोपायच्या खोल्या काढल्या. खाली एकच लांब दालन ठेवलं. एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला लाकडांची शेगडी.

डोंगराच्या अंगाची भिंत मात्र त्याने जशीच्या तशी ठेवली. चुन्याने पांढरी केलेली. तिच्यात ओळीने लोखंडी कड्या होत्या, गाई बांधायच्या.

मेरियल त्या कड्यांना लव्हेंडरच्या जुड्या टांगायची.

तिचा नवरा डेन्झिल ट्रेंथम म्हणजे वॉल्व्हरहॅम्प्टनच्या बस आगारातला मेकॅनिक. टक्कल, मोठं पोट, तोंडात सतत काहीतरी थट्टा. गाय त्याने बघितली ती गाडीच्या खिडकीतून. जवळून जाऊन हात लावायची वेळ कधी आली नव्हती, आणि त्याची इच्छाही नव्हती.

घर विकायचं कारण साधं होतं. लेकीला, जॉसलिनला, ब्रिस्टलमध्ये बाळ झालं होतं. आजी-आजोबांना जवळ जायचं होतं.

फिलिपा नावाची एजंट बाई पाटी ठोकून घ्यायला आली, तेव्हा तिने सगळं घर फिरून बघितलं.

"अशा घरांना फार मागणी असते, मिस्टर ट्रेंथम. ह्या घराला व्यक्तिमत्त्व आहे!"

"आहे ना," डेन्झिल टक्कल चोळत म्हणाला. "रोज सकाळी माझ्या डोक्यात बसतं. ही तुळई बघा. आमची दोघांची जुनी ओळख."

फिलिपा हसत हसत गेली. पाटी वाऱ्यावर कुरकुरत राहिली.

चारचा सुमार असेल. उजेड ओसरायला लागला होता. डेन्झिल बाहेर लाकडं फोडत होता. मेरियल बटाटे सोलत होती.

आणि तिला वास आला...

गवताचा. कोमट दुधाचा. जनावराच्या अंगाचा.

वाईट नव्हता वास. उलट ऊबदार होता. तिला वाटलं, शेजारच्या रानातून आला असेल. तिने खिडकी लावून घेतली.

वास वाढला.

मग दालनाच्या पलीकडच्या टोकाला काहीतरी वाजलं.

खण्...

लोखंडावर लोखंड. हळूच.

ती सुरी हातात घेऊनच वळली. दालन रिकामं होतं. भिंतीवरच्या एका कडीतली लव्हेंडरची जुडी मात्र झुलत होती.

दुसरी एकही हलत नव्हती.

दोन दिवसांनी भिंतीला ओल दिसली.

प्रत्येक कडीच्या खाली एक एक डाग. कमरेच्या उंचीला. सगळे सारख्या अंतरावर, परातीएवढे.

"झालं! गिऱ्हाईक यायच्या वेळेलाच हिला घाम फुटायचा होता," डेन्झिल म्हणाला. त्याने बाजारातून ओल अडवणारा रंग आणला आणि डागांवर दोन हात मारले. दिवसभर भिंत स्वच्छ दिसली. चार वाजले, उजेड उतरला, आणि डाग परत आले.

फिलिपाने तपासनीस पाठवला. त्याने आपलं यंत्र भिंतीला लावलं. हलवलं. पुन्हा लावलं.

"यंत्र म्हणतंय, भिंत कोरडी आहे."

"आणि तुमचे डोळे काय म्हणतात?" मेरियलने विचारलं.

त्याने यंत्र बंद केलं. सामान भरलं आणि निघाला.

तो गेल्यावर मेरियलने धीर करून एका डागावर तळवा ठेवला. ओल थंड असते, हे कोणालाही माहीत आहे.

हा डाग गरम होता...

आणि तिच्या तळव्याखाली तो आणखी गरम झाला. मग निवला. मग परत गरम झाला.

श्वासासारखा.

तिने हात झटकून मागे घेतला आणि डेन्झिलला हाक मारली. तो आला, त्यानेही हात लावला. आता हा काहीतरी पाचकळ बोलेल म्हणून ती वाट बघत राहिली.

तो बराच वेळ तसाच उभा राहिला, भिंतीला हात लावून. मग म्हणाला, "बिचारी."

"कोण बिचारी?"

"अं? मी काय म्हणालो?"

घर बघायला पहिलं जोडपं आलं ते लंडनहून. नोव्हेंबरमधली दुपार. नवरा उंच, सगळ्या भिंतींवर टकटक करून बघणारा. बायको मऊ बोलणारी, प्रत्येक गोष्टीला "किती छान!" म्हणणारी. सगळं ठीक चाललं होतं. ती बाई चालत चालत त्या भिंतीपाशी गेली आणि थांबली.

"मला जरा पाणी मिळेल का?"

मेरियलने पेला दिला. तिने घटाघटा संपवला. "अजून एक?" तोही संपवला. मग तिसरा. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळत होतं, तिचं लक्ष नव्हतं. चौथा मागताना ती रडायला लागली.

"अगं, झालं काय तुला?" नवरा घाबरला.

"तहान लागलीय रे... मला नाही... मला नाही लागलेली..."

त्याने तिला दंडाला धरून गाडीत नेऊन बसवलं. फाटकातून गाडी बाहेर पडताना मेरियलने काचेतून बघितलं. ती बाई रुमालाने तोंड पुसत होती आणि अगदी नेहमीसारखी दिसत होती. तिची तिलाच लाज वाटल्यासारखी.

त्यानंतर आलेल्या एक-दोघांचंही थोड्याफार फरकाने हेच झालं. फिलिपा फोनवर म्हणाली, "मिसेस ट्रेंथम, तुमच्या घरी चहा फार खारट करता का हो?" आणि स्वतःच हसली. मेरियलला हसू आलं नाही.

कारण तोवर डेन्झिल बदलला होता.

एरवी चार वाजता तो चहा आणि केकसाठी भुणभुण करायचा. आता चार वाजले की उठायचा. बाह्या सारायचा. दोन पावलं भिंतीकडे जायचा आणि थबकायचा. आपण कशासाठी उठलो ते विसरलेल्या माणसासारखा.

"कुठे निघालास?"

"ह्यांचं जरा..."

"कुणाचं?"

"काही नाही गं. पाय मोकळे करत होतो."

एका संध्याकाळी तो तिथे उभा राहून बोलत होता. हळू आवाजात, लाडीगोडीने. मेरियल जिन्यात खिळून राहिली. "सरक की जरा. हं. अशी. शहाणी माझी ती." लग्नाच्या इतक्या वर्षांत तो तिच्याशी इतकं गोड बोलला नव्हता. हे सांगताना मेरियल हसली होती... एकदाच.

त्या खोऱ्यात पलीकडच्या उतारावर आयव्हर ग्विलियमचं शेत आहे. साठी उलटलेला, एकटा, मितभाषी माणूस. मेरियलची त्याची ओळख अंडी घेण्यापुरती. पण तिला दुसरं कोणी सुचलं नाही. ती चालत त्याच्याकडे गेली आणि विचारलं, "मिस्टर ग्विलियम, आमच्या गोठ्यात पूर्वी काय झालं होतं?"

तो कुंपणाला तार ताणत होता. हातातली पक्कड त्याने खाली ठेवली.

"तुम्ही पाटी लावलीत ना, बाई."

"हो."

"सेसिलनेही विकायलाच काढलं होतं."

मग त्याने सांगितलं. फार लांबवलं नाही.

त्रेसष्टचा हिवाळा. सेसिल बेव्हन म्हणून शेतकरी होता. बायको नाही, पोर नाही, फक्त गाई. गुडघे गेले होते म्हणून त्याने शेत विकायचं ठरवलं. सौदा करायला तो एका सकाळी तालुक्याच्या गावी गेला. जाताना गाईंना म्हणाला असेल, दूध काढायच्या वेळेपर्यंत येतो. सगळेच म्हणतात. दुपारी बर्फ सुरू झालं ते थांबेचना. रस्ते बुजले. कुंपणं दिसेनाशी झाली. सेसिल तिकडेच अडकला.

"आणि गाई?"

"दावणीला. गळ्यात साखळ्या. पुढ्यात काही नाही."

मेरियलने वळून पलीकडच्या उतारावरच्या आपल्या घराकडे बघितलं.

"आमच्या घरी ऐकू यायचं," आयव्हर म्हणाला. "मी लहान होतो. खोरं असं आहे ना, आवाज थेट येतो. हंबरत होत्या. दूध दाटलं असणार, तहान, सगळंच. माझा बाप फावडं घेऊन निघाला. गळ्यापर्यंत रुतला आणि परत आला. दुसऱ्या दिवशी परत गेला. परत आला. मग आई आम्हा पोरांच्या कानांवर उशा धरायची."

त्याने ताणलेल्या तारेवरून बोट फिरवलं.

"नंतर उशा लागल्या नाहीत. रोज एक एक आवाज कमी होत गेला..."

"सेसिल?"

"बर्फ वितळल्यावर आला. बघितलं त्याने. मग त्याला इथे कोणी पाहिलं नाही."

"मी काय करू, मिस्टर ग्विलियम?"

त्याने पक्कड उचलली. पुन्हा ठेवली. "मला ठाऊक असतं तर मीच केलं असतं ना, बाई. मी अजून खिडकी लावून झोपतो."

मेरियल घरी आली ती एकच गोष्ट मनात धरून. तहानलेल्याला पाणी द्यायचं. ती काही मंत्रतंत्रवाली नव्हती. तिला आयुष्यभर एवढंच येत होतं. ज्याला भूक आहे त्याच्या ताटात वाढायचं.

डेन्झिल गावात गेला होता. तिने घरातल्या सगळ्या बादल्या, टोप, अगदी लोकरी कपडे भिजवायचं घमेलंसुद्धा काढलं. पाण्याने भरलं. भिंतीलगत ओळीने मांडलं. आणि वाट बघत बसली.

उजेड उतरला.

वास आला.

आणि सगळ्या कड्या एकदम वाजल्या...

खण्. खण्. खणण्...

असा आवाज आधी कधी आला नव्हता. साखळ्या ताणल्याचा. फरशीवर खूर घसरल्याचा. दिसत काहीच नव्हतं. नुसती भिंत, कड्या आणि त्या कड्यांत ताठ झालेल्या लव्हेंडरच्या जुड्या. कोणीतरी ओढून धरल्यासारख्या आडव्या.

मेरियलच्या लक्षात आलं. पाणी जमिनीवर होतं. साखळ्या आखूड होत्या. त्यांना पाण्याचा वास येत होता आणि तोंड पोचत नव्हतं.

तिने धावत जाऊन एक बादली उचलली. डागाच्या उंचीला धरली. तिच्या मनगटांवर गरम श्वास आला. ओला, धापा टाकणारा. तिने बादली सोडली नाही.

"पी," ती म्हणाली. "पी गं बाई. पी ना."

पाणी हललंही नाही.

श्वास येत राहिला. बादली भरलेलीच राहिली. तिचे खांदे थरथरायला लागले, हात सुटायला आले, आणि पाणी तसंच काठोकाठ. शेजारच्या कड्या ओढ घेत होत्या. एका बादलीने काय होणार होतं? आणि तीसुद्धा उतरत नव्हती.

"मी काय करू गं?" ती रडत होती. "मी काय करू?"

मागून दार वाजलं. डेन्झिल आला होता. कोट न काढता तो सरळ तिच्याजवळ आला, बादली तिच्या हातातून घेतली.

"अशी नाही. तिरकी धरायची जरा," तो म्हणाला. "आणि बोलायचं तिच्याशी. हं, घे बाळा. सावकाश..."

आणि पाणी उतरायला लागलं.

मेरियलने डोळ्यांनी बघितलं. बादलीतलं पाणी हळूहळू, हिसके देत खाली गेलं. जमिनीवर थेंब नाही. तळ दिसला तशी डेन्झिलने दुसरी बादली उचलली. मग तिसरी. ओळीने. तो घामाघूम झाला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं, जे तिने नातीला पहिल्यांदा हातात घेताना त्याच्या चेहऱ्यावर बघितलं होतं.

शेवटची बादली संपली. घर शांत झालं.

"दूध राहिलंय अजून," डेन्झिल म्हणाला.

त्या क्षणी मेरियलने ठरवलं. काय वाटेल ते होवो, ह्याला इथून काढायचं.

ठरवणं सोपं होतं. जॉसलिनने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, बाबांना डॉक्टरकडे ने. आणि तूही जा." डेन्झिलला मेरियल म्हणाली, घर राहू दे असंच, आजच निघू. तो हसला. "बरं. पण संध्याकाळी इथे कोण बघणार?" त्याला उचलून तर नेता येत नव्हतं.

जानेवारीत घर बघायला कॅरिस आली. कुंभारकाम करणारी, हातभर बांगड्या घालणारी, मोठ्याने हसणारी बाई. तिच्याबरोबर तिचा नवरा. मेरियलने दोघांना बसवलं आणि सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. ओल, बाई रडली ते, सेसिल, गाई, पाणी, सगळं.

कॅरिसचे डोळे चमकले. "म्हणजे भुताच्या गाई? अहो, हे तर तुम्ही जाहिरातीतच लिहायला हवं होतं!"

"मी थट्टा करत नाहीये."

"छप्पर गळतं का?"

"नाही."

"मग आम्हाला चालेल." आणि तिने मेरियलचा हात हातात घेतला. "एकटं राहून मन असं होतं हो. तुम्ही नातीजवळ जा. सगळं ठीक होईल."

खरं सांगूनही काही होत नाही, हे मेरियलला त्या दिवशी कळलं.

निघायचा दिवस उजाडला तो ढगाळ. बर्फ पडणार असं रेडिओवर सांगत होते. सामानाची गाडी पुढे गेली. दुपारचे दोन-अडीच झाले असतील. डेन्झिल शांतपणे येऊन गाडीत बसला. एवढ्या सहज आला की मेरियलचा विश्वास बसेना. तिने गाडी सुरू केली.

"दूध काढायच्या वेळेपर्यंत येऊ ना परत?" त्याने विचारलं.

तिने गाडी दामटली.

फाटक ओलांडलं आणि मागून आवाज आला...

हंबरणं.

भर दुपारी. एक नाही, अनेक. बंद काचांतून, इंजिनाच्या आवाजावरून. तो आवाज ऐकला आणि आयव्हरची आई पोरांच्या कानांवर उशा का धरायची, ते तिला समजलं. डेन्झिलने दाराची मूठ घट्ट धरली होती. ओठ हलत होते. "आलो... आलो गं... अगं, थांबव गाडी, मेरियल. थांबव ना."

तिने थांबवली नाही. ती रडत होती आणि गाडी चालवत होती.

"मेरियल, बांधलेल्या आहेत गं त्या."

उतार संपला. ओढ्यावरचा पूल आला. आणि हंबरणं थांबलं.

कमी होत होत नाही. एकदम.

जणू कोणी त्यांच्यापाशी पोचलं होतं.

तिने सुस्कारा सोडला आणि शेजारी बघितलं. डेन्झिलचा हात मुठीवरून सुटून मांडीवर पडला होता. डोळे उघडे होते. श्वास चालू होता.

"डेन्झिल?"

त्याने तिच्याकडे मान वळवली. ओळख नव्हती त्यात. काहीच नव्हतं.

ब्रिस्टलच्या इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या. मेंदूत रक्तस्राव नाही, गाठ नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, कधीकधी असं होतं. कशाने होतं ते त्यांनाही सांगता आलं नाही. भरवलं तर तो खातो. हात धरला तर चालतो. नात मांडीवर ठेवली तर तो तिला पडू देत नाही, पण बघतही नाही तिच्याकडे.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हाच. मला वाटलं, भल्या माणसाला पक्षाघात झालाय.

वसंत लागला तेव्हा कॅरिसचा फोन आला.

"घर किती सुंदर आहे हो! आणि ओल म्हणाला होतात ना तुम्ही? भिंत कशी खडखडीत! वास नाही, आवाज नाही. फक्त एक सांगायचं होतं..." ती जरा घुटमळली. "डेन्झिलना सांगा, यायचं असेल तर बिनधास्त घंटा वाजवून या. चोरून कशाला? माणसाला जुन्या घराची ओढ असते, आम्हाला समजतं."

"काय?"

"सकाळी आणि संध्याकाळी येतात ना ते. दिसत नाहीत कुठे, पण बोलणं येतं ऐकू. माझा नवरा म्हणतो, काय गमतीदार माणूस आहे! स्वतःशीच विनोद करत असतो."

मेरियलने फोन कानाला धरूनच खुर्चीकडे बघितलं. डेन्झिल बसला होता. तिने सकाळी त्याला घातलेल्या स्वेटरमध्ये. सकाळी बसवला होता तसाच.

ती त्याला घेऊन गेली. त्याच आठवड्यात. जॉसलिनला काही सांगितलं नाही.

कॅरिसने दार उघडलं, डेन्झिलकडे बघितलं आणि तिचं हसू विरलं. ती बाजूला झाली. दालनात नवं सामान होतं, मातीची भांडी होती, उन्हं तिरपी झाली होती. मेरियल नवऱ्याचा हात धरून भिंतीपासून थोडी लांब उभी राहिली.

चार वाजून गेले.

आणि तिला त्याचा आवाज आला.

त्याचाच. अस्सल वॉल्व्हरहॅम्प्टनचा. "पाय काढ माझ्या पायावरून, भवाने. तुझं वजन बघ, माझं बघ... हां. आता कसं. हलू नकोस."

चीरकन धार लागल्याचा आवाज. भांड्यात दूध पडल्याचा.

तिच्या हातात त्याचा हात होता. थंड, मऊ, निर्जीव. तो माणूस काचेबाहेर बघत होता.

"डेन्झिल," ती भिंतीकडे बघून म्हणाली. "डेन्झिल, चल घरी."

धार थांबली.

सगळं घर थांबलं. कॅरिसने तोंडावर हात दाबून धरला होता.

मग तो बोलला. अगदी जवळून. अगदी प्रेमाने.

"तू हो पुढे, मेरियल. ह्यांचं आटोपलं की आलोच."

आणि धार पुन्हा सुरू झाली.

ती अंधार पडेपर्यंत तिथे उभी होती. एकदा ह्याच्याकडे बघायची, एकदा भिंतीकडे. शेवटी खुर्चीत बसणाऱ्याला घेऊन परत आली. दुसऱ्याला आणायचं कसं, ते तिला कोणी सांगू शकलं नाही. मलाही सांगता आलं नाही.

परवा मी त्यांच्याकडे डबा घेऊन गेले होते. मेरियल त्याला भरवत होती. मध्येच तिने चमचा खाली ठेवला आणि मला विचारलं, "हा जेवतो ते तिकडे पोचत असेल का गं?"

मी डबा तसाच ओट्यावर ठेवला आणि घरी आले.